एंडोस्कोपीसाठी गुंगीचे औषध कसे निवडावे : नवोदितांसाठी मार्गदर्शन

एंडोस्कोपी (कॅमेरा असलेली नळी आत घालून पोट-आतड्यांची तपासणी) विभागात नव्याने रुजू झालेले निवासी डॉक्टर आणि परिचारिका पहिल्याच आठवड्यात विचारतात, की गुंगीसाठी सर्वांत चांगले औषध कोणते. या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण जे औषध एका रुग्णाला उत्तम तेच शेजारच्या रुग्णाला धोक्याचे ठरू शकते. औषधांची तुलना करायची ती चार बाबींवर करावी : अंमल किती वेळात चढतो, कळसाला कधी पोचतो, किती वेळ टिकतो, आणि प्रमाणाबाहेर गेला तर त्यावर उतारा आहे का. यांपैकी पहिल्या तिन्ही बाबी घड्याळाच्या आहेत. म्हणूनच औषधांच्या नावांपेक्षा त्यांच्या वेळा आधी पाठ करा, असे मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगत आलो आहे. येथे दिलेले डोस प्रौढांसाठी आणि प्रशिक्षित हातांसाठी आहेत. आपल्या विभागाची लेखी कार्यपद्धती त्यांच्यापेक्षा कडक असेल, तर तीच पाळावी.

पहिली पायरी : किती गुंगी हवी आहे ते ठरवा

भूलशास्त्रात गुंगीच्या चार पातळ्या मानतात. पहिलीत रुग्ण फक्त निवांत होतो. दुसरी मध्यम पातळी, तिलाच आपण कॉन्शस सेडेशन म्हणतो. तीत रुग्ण हाकेला किंवा हलक्या स्पर्शाला समजून प्रतिसाद देतो आणि त्याचा श्वास कोणाच्याही मदतीविना चालू राहतो. तिसऱ्या, खोल गुंगीत तो वारंवार हलवल्यावर किंवा दुखवल्यावरच प्रतिसाद देतो आणि श्वासमार्ग मोकळा ठेवायला मदत लागू शकते. चौथी पातळी म्हणजे संपूर्ण भूल.

कागदावर या चार पायऱ्या दिसतात, पण प्रत्यक्षात तो एक सलग उतार आहे आणि रुग्ण त्यावरून कधी घसरला हे कोणी ओरडून सांगत नाही. म्हणून दर काही मिनिटांनी रुग्णाशी बोलावे. “काका, डोळे उघडा,” असे म्हटल्यावर डोळे उघडले, “माझा हात दाबा,” म्हटल्यावर हात दाबला, तर आपण मध्यम पातळीवर आहोत. चिमटा काढल्यावर हात नुसता मागे ओढला गेला, तर तो समजून दिलेला प्रतिसाद नव्हे. ती शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे आणि रुग्ण खोल गेला आहे असे समजावे. यातूनच या कामाचा मूळ नियम निघतो : ज्या पातळीची गुंगी द्यायची आहे, तिच्यापेक्षा एक पातळी खोल गेलेल्या रुग्णाला सावरण्याची तयारी आपल्याजवळ असलीच पाहिजे.

दुसरी पायरी : औषधाच्या आधी रुग्ण पाहा

वय, वजन, हृदय, फुप्फुसे, यकृत आणि मूत्रपिंड यांची स्थिती, आधीच्या गुंगीचा अनुभव आणि ॲलर्जी यांची नोंद सगळेच करतात. नवोदितांकडून सुटतात ते वेगळे प्रश्न. रुग्ण घोरतो का, झोपेत श्वास अडकतो का, हे सोबत आलेल्या माणसाला विचारावे, कारण स्वतः रुग्णाला ते ठाऊक नसते. मान आखूड आहे का, तोंड पुरेसे उघडते का, हलणारे किंवा कृत्रिम दात आहेत का, हे स्वतः पाहावे. झोपेची गोळी, अफूवर्गीय वेदनाशामके किंवा मद्य नियमित घेतले जाते का, हे दोष न देणाऱ्या स्वरात विचारले तरच खरे उत्तर मिळते.

स्वच्छ द्रवपदार्थांनंतर २ तास आणि हलक्या आहारानंतर ६ तास, हा उपाशी राहण्याचा सर्वमान्य नियम आहे. मात्र मधुमेहासाठी किंवा वजन घटवण्यासाठी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने घेणाऱ्यांचे पोट सावकाश रिकामे होते, त्यामुळे एवढे तास उपाशी राहूनही त्यांच्या पोटात अन्न असू शकते. रक्ताची उलटी होत असलेला रुग्ण, अतिशय लठ्ठ रुग्ण, श्वासमार्ग अवघड दिसणारा रुग्ण किंवा जिवाला सतत धोका असणारा गंभीर आजार जडलेला रुग्ण समोर असेल, तर औषधांची तुलना बाजूला ठेवून भूलतज्ज्ञांना बोलवावे.

आणि एक शक्यता विसरू नये : काही रुग्णांना गुंगी लागतच नाही. छोट्या, निदानापुरत्या जठराच्या तपासणीत घशात लिग्नोकेनचा फवारा आणि शांतपणे सोबत बोलणारी परिचारिका एवढ्यावर अनेक जण निभावतात. १० टक्के फवाऱ्याच्या प्रत्येक दाबात १० मि.ग्रॅ. औषध असते, म्हणून दाब मोजून द्यावेत, आणि घशाची बधिरता उतरेपर्यंत खाणेपिणे बंद ठेवावे.

तिसरी पायरी : मिडाझोलम नीट समजून घ्या

कॉन्शस सेडेशनचे हे सर्वांत परिचित औषध असल्याने त्याच्यावर थोडे थांबू या. ते बेंझोडायझेपीन वर्गातले आहे. चिंता कमी करते, झोप आणते आणि दिल्यानंतरच्या घटनांची आठवण पुसट करते. वेदना मात्र कमी करत नाही. शिरेतून दिल्यावर १ ते २ मिनिटांत अंमल जाणवू लागतो, कळसाला पोचायला साधारण ३ ते ५ मिनिटे लागतात आणि गुंगी अर्ध्या तासापासून तासाभरापर्यंत, कधी त्याहून जास्त टिकते.

पूर्वी याच कामासाठी डायझेपाम वापरत. ते शिरेत टोचताना जळजळे, शिरेला सूज आणी, आणि त्याचे व त्याच्यापासून शरीरात तयार होणाऱ्या सक्रिय द्रव्याचे अंश दिवसेंदिवस रेंगाळत. मिडाझोलमने हे तिन्ही त्रास कमी केले. पण अमेरिकेत १९८५ मध्ये परवानगी मिळाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत श्वास बंद पडून झालेल्या मृत्यूंच्या नोंदी झाल्या, आणि शिफारशीतला डोस खाली आणून ठळक इशारा छापावा लागला. कारण समजण्यासारखे होते. मिडाझोलम डायझेपामपेक्षा कितीतरी जहाल, आणि तरीही मेंदूत त्याचा अंमल चढायला डायझेपामपेक्षा जास्त वेळ लागतो. डायझेपामच्या सवयीचा हात एक डोस देई, मिनिटभराने रुग्ण जागाच दिसे, म्हणून दुसरा देई, आणि मग दोन्ही डोस एकत्र चढत.

निरोगी प्रौढाला पहिला डोस १ ते २ मि.ग्रॅ., तो २ मिनिटांत सावकाश. पुढचा डोस १ मि.ग्रॅ.चा, आणि तोही किमान २ मिनिटे, शक्यतो त्याहून अधिक, थांबून. एकूण ५ मि.ग्रॅ.च्या पुढे जाण्याची गरज क्वचितच पडते. साठीच्या पुढच्या किंवा अशक्त रुग्णाला अर्धा ते १ मि.ग्रॅ.पासून सुरुवात करावी आणि एकूण साडेतीन मि.ग्रॅ.च्या आत राहावे. वृद्धांमध्ये रक्ताभिसरण मंद असल्याने अंमल उशिरा दिसतो, पण दिसतो तेव्हा जास्त दिसतो.

सिरिंज भरताना एक सापळा असतो. मिडाझोलम १ मि.लि.त १ मि.ग्रॅ. आणि १ मि.लि.त ५ मि.ग्रॅ. अशा दोन तीव्रतांत मिळते. सिरिंजमध्ये २ मि.लि. द्रव दिसतो, दोन्ही द्रव सारखेच पाण्यासारखे. एकात २ मि.ग्रॅ. असतात, दुसऱ्यात १०. इंग्लंड व वेल्समधील राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने डिसेंबर २००८ मध्ये याच चुकीबद्दल इशारा देऊन कॉन्शस सेडेशनच्या जागी फक्त कमी तीव्रतेचे औषध ठेवायला सांगितले होते. आपल्या ट्रॉलीतही तेच असावे. सिरिंजवर औषधाचे नाव आणि दर मि.लि.तले मि.ग्रॅ. लिहिल्याशिवाय ती हातातून खाली ठेवू नये.

हे औषध यकृतातील ज्या विकराने (एन्झाइमने) मोडते, त्याला क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनॅझोल आणि रिटोनाविर ही औषधे रोखतात आणि गुंगी लांबते. क्लॅरिथ्रोमायसिन तर जठरातील हेलिकोबॅक्टर जंतूंवरच्या उपचारात वापरतात, म्हणजे आपल्याच रुग्णांच्या चिठ्ठीत ते सापडण्याचा संभव मोठा.

काही जणांत उलटा परिणामही होतो : रुग्ण शांत होण्याऐवजी चिडतो, हातपाय झाडतो, नळी ओढू पाहतो. अशा वेळी आणखी मिडाझोलम देण्याची घाई करू नये. आधी ऑक्सिजन पाहावा, कारण गुदमरणारा माणूसही असाच तळमळतो. मग पोटात हवा जास्त भरली आहे का, कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्याच्या तपासणीत) नळीचा वेढा पडून ओढ बसते आहे का, हे तपासावे. पुष्कळदा वेढा सोडवला की रुग्ण आपोआप शांत होतो.

चौथी पायरी : वेदनाशामकाची जोड

मिडाझोलम वेदना थांबवत नसल्याने त्याच्याबरोबर अफूवर्गीय औषध देतात. फेंटानिलचा अंमल १ ते २ मिनिटांत सुरू होतो, ३ ते ५ मिनिटांत कळसाला जातो आणि अर्धा ते एक तास टिकतो. निरोगी प्रौढाला ५० मायक्रोग्रॅम, वृद्धाला २५ मायक्रोग्रॅम हा सुरुवातीचा सावध डोस. येथे एकक मायक्रोग्रॅम आहे, मिलिग्रॅम नव्हे, हे तोंडी सूचना देताना दरवेळी पूर्ण उच्चारावे.

पेथिडिन हे जुने औषध २५ ते ५० मि.ग्रॅ. देतात, ते सावकाश चढते आणि २ ते ३ तासही रेंगाळते. शरीरात त्याचे नॉरपेथिडिन बनते, आणि मूत्रपिंडे निकामी असतील तर ते साचून झटके येऊ शकतात. नैराश्यासाठीची एमएओआय वर्गातील औषधे चालू असलेल्या रुग्णाला पेथिडिन कधीही देऊ नये. दोन्ही औषधे उपलब्ध असताना मी फेंटानिलच निवडतो.

या जोडीचा धोका किती खरा आहे, हे १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. बारा निरोगी स्वयंसेवकांना केवळ मिडाझोलम दिले तेव्हा कोणाचाही ऑक्सिजन घसरला नाही. केवळ फेंटानिल दिले तेव्हा सहा जणांचा घसरला, पण कोणाचा श्वास थांबला नाही. दोन्ही मिळून दिली तेव्हा अकरा जणांचा ऑक्सिजन घसरला आणि सहा जणांचा श्वास काही काळ थांबला. हे सगळे धडधाकट लोक होते. म्हणून वेदनाशामक आधी द्यावे, त्याचा अंमल दिसू द्यावा, आणि मगच मिडाझोलम, तेही एकट्याने दिले असते त्यापेक्षा कमी.

एक दृश्य डोळ्यांसमोर आणा. पंचाहत्तरीचे आजोबा, कोलोनोस्कोपीसाठी डाव्या कुशीवर. २५ मायक्रोग्रॅम फेंटानिल दिले, लगेच मागोमाग १ मि.ग्रॅ. मिडाझोलम. दीड मिनिट झाले, ते अजून बोलत आहेत. डॉक्टर हातमोजे घालून उभे, बाहेर रांग लागलेली. कोणीतरी म्हणते, “अजून १ मि.ग्रॅ. द्या.” तो दिला जातो. चौथ्या मिनिटाला ते बोलायचे थांबतात, सगळ्यांना हायसे वाटते. सहाव्या मिनिटाला जबडा सैल पडून जीभ मागे गेलेली असते, आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही, कारण दिवे मंद आहेत आणि नजरा पडद्यावर आहेत. येथे औषध चुकलेले नाही, एकूण डोसही कागदावर अवाजवी नाही. चुकली ती मधली अडीच मिनिटे. प्रत्येक डोसाची वेळ फळ्यावर मोठ्याने सांगून लिहिण्याची पद्धत यासाठीच असते.

पाचवी पायरी : प्रोपोफॉल कोणाच्या हाती द्यावे

प्रोपोफॉल हे दुधासारखे पांढरे औषध अर्ध्या ते एका मिनिटात चढते आणि एका डोसाचा अंमल ४ ते ८ मिनिटांत उतरतो. रुग्ण लवकर आणि ताजातवाना जागा होतो, म्हणून डॉक्टरांना आणि रुग्णांना ते आवडते. पण मध्यम गुंगी आणि संपूर्ण भूल यांतले अंतर या औषधात फार थोडे आहे. १० ते २० मि.ग्रॅ.चा एखादा जादा डोस रुग्णाला दोन पातळ्या खाली नेऊ शकतो, रक्तदाब उतरवू शकतो, आणि यावर उतारा नाही. आशा एवढीच, की औषध स्वतःच लवकर उतरते; तोवर त्या रुग्णाचा श्वास आपल्याला चालवावा लागतो. म्हणून ते देणारी व्यक्ती श्वासमार्ग सांभाळण्यात तरबेज असावी आणि त्या वेळी तिच्याकडे दुसरे कोणतेही काम नसावे. स्कोप (तपासणीची नळी) धरणाऱ्यानेच प्रोपोफॉलवरही लक्ष ठेवणे मला मुळीच मान्य नाही.

ईआरसीपी (एंडोस्कोपने पित्तनलिका व स्वादुपिंडाची नलिका तपासणे) किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड (नळीच्या टोकाने आतून सोनोग्राफी) यांसारख्या लांब, किचकट प्रक्रियांत भूलतज्ज्ञांच्या हातचे प्रोपोफॉल वारंवार दिलेल्या मिडाझोलमपेक्षा सरस ठरते. सिरोसिसच्या (यकृत व्रणांनी कठीण होण्याच्या विकाराच्या) रुग्णातही तेच श्रेयस्कर, कारण मिडाझोलमने यकृतविकारातला मेंदूचा गोंधळ वाढू शकतो. प्रोपोफॉल वेदनाशामक नाही, आणि टोचताना शीर दुखते. ते सोयाबीन तेल आणि अंड्यातील लेसिथिन यांच्या मिश्रणात असते, त्यामुळे त्यात जंतू झपाट्याने वाढतात; एका रुग्णाची उरलेली बाटली दुसऱ्यासाठी कधीही वापरू नये.

सहावी पायरी : नवी आणि विशेष प्रसंगीची औषधे

रेमिमाझोलम हे बेंझोडायझेपीनच आहे, पण शरीरातील एस्टरेज विकरे त्याला भराभर मोडतात. अमेरिकेत जुलै २०२० मध्ये त्याला ३० मिनिटांपर्यंतच्या प्रक्रियांसाठी परवानगी मिळाली. पहिला डोस ५ मि.ग्रॅ. एका मिनिटात, पुढचे २.५ मि.ग्रॅ.चे, आणि दोन डोसांत किमान २ मिनिटांचे अंतर. वृद्ध आणि अशक्तांसाठी कमी. कळस साधारण ३ ते साडेतीन मिनिटांत येतो. मिडाझोलमचा उतारा यालाही चालतो, आणि जागे होण्याचा वेग प्रोपोफॉलच्या जवळ जातो. दोन्हींतले चांगले गुण एकत्र आल्याने हे औषध मला महत्त्वाचे वाटते, पण अफूवर्गीय औषधाबरोबर श्वास मंदावण्याचा धोका येथेही तसाच राहतो. त्यात डेक्स्ट्रान ४० असते. त्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्याला ते देऊ नये.

डेक्समेडेटोमिडिन श्वास फारसा मंदावत नाही आणि रुग्ण हाकेसरशी जागा होतो. मात्र पहिला डोसच १० मिनिटे सावकाश द्यावा लागतो, नाडी आणि रक्तदाब उतरतात आणि रुग्ण उशिरा सावरतो, म्हणून रोजच्या छोट्या तपासण्यांना ते सोयीचे नाही. केटामिन वेदना थांबवते आणि श्वास बहुतेक टिकवते, पण लाळ वाढते, स्वरयंत्र आकसू शकते आणि जागे होताना भयावह स्वप्ने पडतात. ते भूलतज्ज्ञांवर सोडावे. नायट्रस ऑक्साइड व ऑक्सिजन यांचे निम्मेनिम्मे मिश्रण कोलोनोस्कोपीत रुग्ण स्वतः हुंगतो आणि काही मिनिटांत त्याचा अंमल पूर्ण उतरतो. आतड्यात अडथळा किंवा छातीत हवा साचलेली असेल तर ते वर्ज्य.

सातवी पायरी : लक्ष ठेवणे आणि उतारा

पल्स ऑक्सिमीटर सतत, रक्तदाब दर ५ मिनिटांनी, हृदयविकार असल्यास ईसीजी, हे किमान. नाकाने ऑक्सिजन देणे योग्यच, पण त्यामुळे श्वास मंदावला तरी रक्तातील ऑक्सिजनच्या सॅच्युरेशनचा आकडा बराच वेळ ९८ वर राहतो आणि आपल्याला फसवतो. कॅप्नोग्राफ बाहेर पडणाऱ्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजतो, त्यामुळे हवा जायची थांबताच त्याची रेषा सपाट होते. छाती हलते आहे आणि रेषा सपाट आहे, म्हणजे रुग्ण धडपडतो आहे पण वरचा मार्ग बंद आहे. कॅप्नोग्राफची नळी सरकली असेल अशी समजूत करून घेण्याआधी जबडा उचलून पाहावा.

श्वास मंदावला तर पहिले काम उतारा शोधण्याचे नव्हे. प्रक्रिया थांबवून मोठ्याने हाक मारावी, हलवावे, जबडा वर उचलावा, ऑक्सिजन वाढवावा, गरज पडल्यास मास्क आणि बॅगने श्वास द्यावा आणि मदतीला बोलवावे. उतारा त्यानंतर. अफूवर्गीय औषधांवर नॅलॉक्सोन ०.१ ते ०.४ मि.ग्रॅ., थोडे थोडे करून. त्याचा अंमल ३० ते ४५ मिनिटेच राहतो, आणि पेथिडिन त्याच्याहून जास्त टिकत असल्याने रुग्ण पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. बेंझोडायझेपीनवर फ्लुमाझेनिल ०.२ मि.ग्रॅ., मिनिटभराच्या अंतराने पुन्हा, एकूण १ मि.ग्रॅ.पर्यंत. याचाही अंमल मिडाझोलमपेक्षा आधी संपतो, म्हणून उतारा दिलेल्या रुग्णाला किमान २ तास नजरेखाली ठेवावे. वर्षानुवर्षे झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांना फ्लुमाझेनिलने झटके येऊ शकतात. ही दोन्ही औषधे कुलूपबंद कपाटात नव्हे, तर टेबलाशेजारच्या ट्रॉलीत असावीत, आणि त्यांची मुदत महिन्यातून एकदा तपासावी.

आठवी पायरी : घरी सोडताना

नळी बाहेर आली की खोलीतला त्रास थांबतो, पण औषधे शरीरातच असतात; त्यामुळे कित्येकदा गुंगी सर्वांत खोल जाते ती याच क्षणी, रुग्ण बाहेर ढकलला जात असताना. म्हणून विश्रांतिकक्षातही ऑक्सिमीटर लावलेलाच ठेवावा. घरी सोडण्याचा निर्णय आल्ड्रेट गुणांवर घेतात : हालचाल, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि ऑक्सिजन या पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण, आणि १० पैकी किमान ९ मिळालेच पाहिजेत. सोबत जबाबदार माणूस असलाच पाहिजे, आणि २४ तास वाहन चालवणे, यंत्रावर काम करणे, मद्य घेणे व महत्त्वाच्या कागदांवर सही करणे टाळायला सांगावे.

मिडाझोलम घेतलेला रुग्ण उठून बसतो, नीट बोलतो, अहवालाबद्दल प्रश्न विचारतो, मान डोलावतो, आणि संध्याकाळी यातले काहीही त्याला आठवत नाही. तेव्हा तपासणीत काय दिसले, कोणते औषध केव्हा घ्यायचे, पोटात जोरात दुखले, रक्त पडले किंवा ताप आला तर कोणाला फोन करायचा, हे सोबतच्या माणसासमोर सांगून कागदावर लिहून द्यावे, आणि तो कागद रुग्णाच्या नव्हे, त्या माणसाच्या हाती द्यावा.